देवीपुढचा उजवा हात

"ताई, एकदाचं नाचून टाका ना," गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल टॅक्सी चालवणारा चेट हेल्मेट पुढे करत म्हणाला, तेव्हा खिमला आधी वाटलं, तो मागच्या कुणाला तरी सांगतोय. मागे कुणी नव्हतं. त्याच्या अंगात नारिंगी जाकीट, तोंडात डुकराच्या भाजलेल्या मांसाची काडी, आणि चेहरा असा की घरातलंच कुणी आजारी पडलंय. "काय नाचून टाकू?" "असं काय करता? काल सकाळी तुमच्या आई टीव्हीवर नव्हत्या का! कालव्यावरच्या चाओ-मे देवीला नवस बोलल्या होत्या म्हणे, पोरगी स्वतः येऊन देवीपुढे नाचेल म्हणून. तुम्ही शाळेत होता तेव्हा. आणि तुम्ही नाचलाच नाहीत! मग बॉल जाळ्यात नाही जाणार तर कुठं जाणार? माझ्या मेव्हण्यानं एकदा देवीला उकडलेली अंडी बोलून दिली नाहीत, तर महिन्याच्या आत बायको पळाली त्याची. नुसत्या अंड्यांपायी, ताई! तुमचा तर अख्खा नाच राहिलाय." सगळं मायेनं म्हणत होता मेला. शिवी दिली असती तर तिला परत देता आली असती. तिनं हेल्मेट डाव्या हातानं घातलं, रॅकेटची पिशवी डाव्या खांद्याला लावली आणि म्हणाली, "चल. आणि तोंड बंद ठेव."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती जाताना मध्ये कुठंकुठं थांबते हे तिला त्या रस्त्यावर कळलं. गुडघ्यात थांबली, पोटात थांबली, आणि उजव्या खांद्यात तर घर करून राहिली. गाड्यांच्या मधून चेट मोटरसायकल काढत होता, आरशांना आरसे घासत होते, बसच्या धुराचा भपकारा तोंडावर येत होता, आणि तिच्या डोक्यात गेल्या काही वर्षांतले सगळे हरलेले सामने एकामागून एक उभे राहत होते. मेलबर्नच्या उन्हातला, पॅरिसच्या लाल मातीतला, कुठल्याशा गावी कुत्रंही बघायला नव्हतं तिथला. टेनिसच्या पहिल्या शंभरात होती ती एकेकाळी. विमानतळावर लोक फोटो काढायचे. मग खांद्याची एक शस्त्रक्रिया, मग दुसरी, मग इंजेक्शनं. इंजेक्शन घेतलं की सामन्यापुरता हात डोक्यावर जातो, उतरलं की कानापाशी अडतो. आता एकतिसाव्या वर्षी तिनं एकच गोष्ट मागितली होती: पुढच्या आठवड्यात बँकॉकात स्पर्धा आहे, तिच्यात आयोजकांच्या मर्जीतलं एक वाइल्ड कार्ड, म्हणजे थेट प्रवेश, द्या, आपल्या माणसांसमोर एक शेवटचा सामना खेळते, हरते आणि जाते. आयोजकांतला एक गृहस्थ रोज "बघू" म्हणायचा. काल संध्याकाळी मात्र त्याचा आवाज गुळात बुडवून काढल्यासारखा होता. "ते देवीचं तेवढं उरकून घे ना, खिम. चॅनेलवाले येतील. लोकांना असलं आवडतं. मग कार्डाचं काय, झालंच समज." कुठल्या देवीचं, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं. म्हणजे खांदा फाटला तो चाओ-मेनं फाडला, सर्व्हिस चुकली ती चाओ-मेनं चुकवली. वड्याचं तेल वांग्यावर ते असं. इतक्या वर्षांत कुणीकुणी काय काय केलं ते सगळं एका झटक्यात धुऊन निघालं, आणि दोषी कोण उरली? जी नाचली नाही ती.

बाबांचं कोर्ट शहराच्या टोकाला, मीनबुरीच्या अलीकडे, एका घरसंकुलाच्या मागे. प्रयून हे बाबांचं नाव, पण सगळे 'गुरुजी'च म्हणतात. ऐन तारुण्यात ते एका बड्या क्लबात नॉकर होते. म्हणजे साहेबलोकांच्या समोर जाळ्यापलीकडे उभं राहायचं, त्यांना मारायला सोपा जाईल असा बॉल द्यायचा, आणि शेवटी न चुकता हरायचं. हरण्याचाच पगार. तिथल्या म्हाताऱ्या बायका खालून सर्व्हिस करायच्या, भाजीवाल्याकडे आंबा परत टाकावा तशी. बाबा घरी येऊन त्यांची नक्कल करायचे, आई हसायची, आणि हसता हसता बाबांचा चेहरा एकदम काळा पडायचा. "माझी पोरगी वरून मारेल. आकाशातून मारेल." खिमला रॅकेट हातात दिली तेव्हा ती तिच्या छातीपर्यंत यायची. आणि मग 'हात वर!' उन्हात, तापात, शाळा बुडवून, आजी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, 'हात वर, खिम! कोपर नाही, हात!' एकदा दमून तिनं एक सर्व्हिस खालून केली, गंमत म्हणून, तर बाबांनी पूर्ण कोर्टाला अनवाणी फेऱ्या मारायला लावल्या. सिमेंट तापलेलं होतं. "भीक मागतेस का, खालून हात करून?"

आज बाबा जाळ्याजवळ मुलांना बॉल देत होते. तिला पाहताच टोपली बाजूला ठेवून ते लगबगीनं आले, आणि तिला धक्काच बसला. माणूस दहा वर्षांनी तरुण दिसत होता. "ऐकलंस ना? तुझ्या आईनं पोटात ठेवलं बघ इतकी वर्षं! मला एका शब्दानं बोलली नाही. मी इकडे रात्र रात्र विचार करतोय, माझं काय चुकलं, पकड चुकली का, पाय चुकले का, आणि हे असं!" त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. सुटका झाली होती त्यांची. खिमला वाटलं, आत्ता या टोपलीतला एक एक बॉल घेऊन यांच्या छातीवर मारावा. "बाबा, माझा खांदा फाटला होता. डॉक्टरांनी फोटोत दाखवला होता तुम्हाला." "फाटला, पण का फाटला? इतक्या मुली खेळतात, सगळ्यांचे फाटतात का?" "सगळ्यांना तुमच्यासारखे बाप नसतात." हे ती मोठ्यानं म्हणाली का मनात, तिचं तिलाच कळलं नाही, कारण बाबा हसतच होते. "उद्या सकाळी जायचं. मी देवळातल्या नाचवाल्या बाईशी बोललो. चॅनेलवाल्यांनाही सांगितलंय. आणि हे बघ, इंजेक्शन घेऊन ये, म्हणजे हात नीट वर जाईल." तेवढ्यात मागून एका पोरीचा बॉल जाळ्यात गेला, आणि मान न वळवता बाबा ओरडले, "हात वर!"

कोर्टाच्या खोलीत भिंतीवर तोच फोटो होता, पंधराव्या वर्षी जिंकलेल्या मुलींच्या स्पर्धेचा. पातळ मान, लांब घट्ट वेणी, आणि डाव्या हातात उंच धरलेला चषक. वर्तमानपत्रवाल्यांनी त्यावर लिहिलं होतं, 'डाव्या हाताचा रुबाब'. पुढे कितीतरी पोरी तसा चषक डाव्या हातानं धरायच्या, खिमसारखा. रुबाब कसला, डोंबलाचा! त्या दिवशी उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. सामना संपेपर्यंत कसा गेला ते देव जाणे. रागावर गेला असेल, भीतीवर गेला असेल. पहिल्या रांगेत बाबा बसले होते आणि प्रत्येक सर्व्हिसला त्यांचे ओठ हलत होते. पण फोटोकडे बघता बघता खिमची नजर आज वेणीवर अडली. त्या सकाळी ही वेणी कुणी घातली? नेहमी तर ती स्वतः घालायची. त्या सकाळी फणी घेऊन आरशासमोर बसली आणि हात उचलेना. फणी मांडीवर पडली. आई दारात उभी होती. काही बोलली नाही. आली, फणी उचलली, मागे बसली, आणि वेणी घातली. हळूहळू, उजव्या बाजूला फणी नेताना तर श्वास रोखून. मग 'आले हं जरा' म्हणून बाहेर गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या अंगाला उदबत्तीचा वास होता. इतक्या वर्षांत खिमला हे कधी आठवलं नव्हतं. आता आठवलं तर डोक्याच्या कातडीवर ती फणी जशीच्या तशी फिरली. पुढे सोळाव्या वर्षी तिनं केस कापून टाकले, कारण विंचरताच येईनात. लोकांना ती फॅशन वाटली. आई मात्र कापलेली वेणी हातात धरून रडली होती, आणि खिमला वाटलं होतं, केसांसाठी रडतेय.

ती तशीच घरी गेली. आई, लमाई नाव तिचं, स्वयंपाकघरात जमिनीवर बसून खलात मिरच्या कुटत होती. "टीव्हीवर जायची काय गरज होती?" "त्या मुलीनं गोड बोलून विचारलं, काही नवस केला होतात का. तोंडातून निघून गेलं. पुढचं सगळं तीच बोलली गं." "आणि तू नाही म्हणाली नाहीस." मिरच्यांचा खाट उठला होता, दोघींच्या नाकातून पाणी. "काय मागितलं होतंस, आई?" खल वाजत राहिला. "तुझं भलं मागितलं. आणखी काय मागणार?" "चषक मागितलास?" "नाचून टाक ना, बाळा. काय जातंय तुझं? तुझ्या बाबांना किती बरं वाटलंय बघ. काल दोन वेळा भात मागून घेतला." हीच ती आई. घरात बाबांचा आवाज चढला की हिनं मूग गिळून बसायचं. पोरगी परदेशात खेळत असली की देव पाण्यात घालून बसायचं. हिच्या तोंडातून बाबांच्या विरोधात कधी अक्षर बाहेर पडलं असेल तर शपथ. खिम म्हणाली, "नाचते. पण इंजेक्शन घेणार नाही." खल थांबला. "घे ना," आई खाली बघत म्हणाली. "नाहीतर दुखेल." "दुखू दे. तुझ्या देवीला कळू दे काय पदरात घेतेय ती."

कालव्याकाठी भल्यामोठ्या झाडाच्या बुंध्याला चाओ-मेचं छोटं देऊळ. बुंध्याला रंगीत फडकी गुंडाळलेली, समोर लाल सरबताच्या बाटल्यांत काड्या घातलेल्या, कुणी वाहिलेले रेशमी पोशाख दोरीवर टांगलेले. पाण्यावरून नाव गेली की कालव्याचा वास वर यायचा आणि झेंडूच्या वासात मिसळायचा. चॅनेलची मुलगी कॅमेरेवाल्याला उन्हाचं काही सांगत होती. नाचवाल्यांची म्होरकी प्रानोमकाकू पानानं रंगलेल्या तोंडानं खिमला नेसवत होती, जरीचं घट्ट वस्त्र, छातीवर पट्टा, आणि डोक्यावर टोकदार सोनेरी मुकुट. मुकुटाची दोरी मागे आवळून तिनं गाठीवर गाठ मारली. "केस आखूड तुझे. नाहीतर सटकायचा. बॉल मारतेस ना गं तू? माझा नातू बघतो. मला काही कळत नाही त्यातलं, पण ओरडतेस छान." मग ती आईकडे वळली. "बाई, मुलीचं नाव सांगा आणि काय मागितलं होतं ते सांगा. गाण्यात घालावं लागतं. देवीकडे सतराशे साठ लोक येतात, तिला कळायला नको का कुणाचं काय फिटलं?" आई सरबताच्या बाटल्या सरळ करू लागली. "अहो, विजेतेपद मागितलं," बाबा चटईवरूनच म्हणाले, "आणि लगेच मिळालं! थिवाफोर्न तिचं नाव, कागदावरचं. वाजवा तुम्ही."

ढोलकी सुरू झाली. झांजा सुरू झाल्या. खिमनं गुडघे वाकवले, डावा हात फिरवून कमरेशी आणला. काल संध्याकाळी काकूनं शिकवलं तेवढं तिला येत होतं. पायांना ताल होता, पाय तिचे कधीच दगा देत नव्हते. मग उजवा हात. बोटं मागे वळवून हात संथपणे वर न्यायचा होता, कपाळाच्या वर, देवीला फूल देतात तसा. छातीपर्यंत गेला. खांद्यापर्यंत गेला. कानाशी आला आणि थांबला. आत कुणीतरी दोरी ओढून धरल्यासारखा थांबला. तिनं दात आवळले. कपाळावरचा घाम मुकुटातून डोळ्यांत उतरला. ढोलकीवाला तीच ओळ पुन्हा वाजवू लागला, हात पूर्ण व्हायची वाट बघत, आणि पुन्हा, आणि पुन्हा. समोरच्या चटईवर पहिल्या रांगेत बाबा पुढे झुकले होते, ओठ हलत होते, आणि मग ते निघालंच बाहेर, देवळात, देवीसमोर, तस्संच: "हात वर, खिम! कोपर नाही, हात!"

"वर जात नाही तो."

मोठ्यानं नव्हतं. पण ढोलकीवाल्यानं ऐकलं आणि त्याचा ठेका चुकला. बाबांनी मान वळवली. "काय?" "वर जात नाही म्हणतेय," आई चटईच्या काड्या उपसत म्हणाली, "तेव्हापासून नीट जात नाही. त्या सकाळी मी हिची वेणी घातली. हाताला हात लावला तरी ही थरथरत होती. खांदा सुजून हा एवढा." प्रानोमकाकूनं हात वर करून वाजवणाऱ्यांना थांबवलं. "बाई, तुम्ही मागितलं काय होतं नक्की?" आणि आईनं पहिल्यांदा मान वर केली, पण कुणाकडे न बघता झाडाकडे बघितलं. "मी चषक नव्हता मागितला. मी म्हटलं, माझ्या पोरीचा हात राहू दे. हात शाबूत राहिला तर ती त्याच हातानं तुझ्यापुढे नाचेल." काकूनं पानाची पिंक बाजूला टाकली आणि रोखठोक म्हणाली, "मग फेडताय काय? देवीनं दिलं असेल तर फेडायचं ना! हात राहिला का हिचा? नाही राहिला. मग देणं कसलं? उठा, उठा. खोटं नाही गाणार मी तिच्यासमोर."

लोकांत कुजबुज झाली. कुणीतरी हसलंही. खिम जरीच्या वस्त्रात तशीच उभी होती, हात अजून कानाशी, खाली घ्यायचा विसरलेला. सगळ्यांना वाटलं असेल, सुटली बिचारी, नवस नव्हताच. पण ती आईकडे वळली, बाबांवरच्या सगळ्या रागापेक्षा मोठा राग घेऊन. "तुला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या सकाळी. सामन्याच्या आधी." आईनं चटईची आणखी एक काडी उपसली. "बोल ना. इथवर चालत आलीस. उदबत्ती लावलीस. देवीला सांगितलंस माझ्या पोरीचा हात जातोय म्हणून. बाबा कुठे होते तेव्हा? शेजारच्या खोलीत! बुटाच्या नाड्या बांधत होते! झाडाला सांगितलंस आई, आणि त्यांना नाही सांगितलंस? एक वाक्य होतं. तीन शब्दांचं. आज नको, अहो. एवढंच!" तिचा आवाज फाटला. बॉल मारताना निघतो तसला. "भीती वाटली," आई पुटपुटली. "तू पंधरा वर्षांची होतीस, तूही बोलली नाहीस गं." "मी पंधरा वर्षांची होते, आई! पंधरा!"

बाबा उभे राहिले होते. त्यांचा तो दोन दिवसांचा तरुणपणा उतरला होता. गालफडं खाली आली होती. "मला कुणी का नाही सांगितलं?" ते एकदा आईकडे, एकदा खिमकडे बघून म्हणाले. खरंच विचारत होते, तेच सहन होईना. "तुमच्या समोर होता हो खांदा," खिम म्हणाली. "रोज होता. तुम्ही फक्त हात बघत होता." चॅनेलची मुलगी पुढे सरसावली होती, तिच्या डोळ्यांत दिवाळी. खिम तिच्याकडे न बघता देवळाच्या पायऱ्या उतरली आणि रस्त्यावर आली.

चेट मोटरसायकलवर बसून काडीनं थंड चहा ओढत होता. मुकुट बघून त्याची काडी तोंडातच राहिली. "फिटला, ताई?" "हेल्मेट दे." हेल्मेट मुकुटावर बसणार कसं? तिनं डावा हात मागे नेला. गाठी आवळ, एका हातानं सुटेनात. उजवा कानापाशी अडून बसलेला. भर उन्हात, कालव्याकाठी, सोन्याचा मुकुट घातलेली एक बाई एका हातानं डोकं खाजवत उभी आहे, आणि नावेतले लोक वाकून बघतायत. तिला रडू येत होतं ते दुःखाचं नव्हतं, निव्वळ संतापाचं. तेवढ्यात कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. आयोजकांतला तोच गृहस्थ. "अगं काय झकास झालं म्हणे! आई, बाबा, अश्रू, सगळं! चॅनेलवाले खूश. कार्ड तुझं. सोमवारी संध्याकाळी, मुख्य कोर्टावर. बाकी ते हाताबिताचं आम्ही कापून टाकू, काळजी करू नकोस." "कापू नका," खिम म्हणाली. "आँ?" "मी खेळतेय. पण इंजेक्शन घेणार नाही. आणि प्रत्येक सर्व्हिस खालून करणार. नियमात बसतं, बघून घ्या." त्याच्या आवाजातला गूळ आटला. "लोक हसतील, खिम." "तिकीट काढून येतात. हसू देत."

फोन ठेवला तेव्हा मागे दोघं उभी होती. बाबांनी ऐकलं होतं. त्यांचे ओठ हलले. "खालून? मुख्य कोर्टावर?" "हो." "अगं, मारून टाकेल ती तुला समोरची. एकही पॉइंट नाही मिळायचा." "माहीत आहे." "मग कशाला?" "दिसायला. सगळ्यांना दिसू दे हात कुठपर्यंत जातो ते. पहिल्या रांगेत बसायचं, बाबा. दोघांनी. आणि ओठ हलवायचे नाहीत." बाबांनी चेटकडे पाहिलं, कालव्याकडे पाहिलं, आणि कुठं बघावं ते न कळून खाली आपल्या हातांकडे पाहिलं.

आई मागे आली. गाठींपाशी तिची बोटं थबकली, लागली नाहीत, विचारत होती. तिच्या अंगाला तोच उदबत्तीचा वास होता. खिमच्या मानेचे केस ताठ झाले. नको म्हणावं, असाच मुकुट घालून अख्ख्या शहरातून जावं, असं तिला वाटलं, आणि गेलीही असती. पण हेल्मेट बसत नव्हतं. "सोड," ती म्हणाली. "मी बोलणार नाहीये तुझ्याशी. नुसतं सोड." आई एकेक गाठ सोडवू लागली. उजव्या बाजूच्या गाठीशी आली तेव्हा तिनं श्वास रोखला.

"रोखू नकोस," खिम म्हणाली. "दुखतंय. दुखतंय म्हण. मोठ्यानं म्हण, ते उभे आहेत तिथंच."

आईची बोटं थांबली. नाव पुढे गेली, पाणी काठावर आपटलं.

"अहो," आई म्हणाली, "दुखतंय तिला."